काचेची नाडी

मास्तरांच्या गाडीवर लिफ्टचं स्टिकर लागलं, ते त्यांनी लेकीकडे बघून हात हलवला म्हणून.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. वय त्र्याहत्तर. दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती, पण पाच जुनी गिऱ्हाइकं त्यांना सोडत नव्हती, किंवा तेच त्यांना सोडत नव्हते. याबाबत घरात दोन मतं होती. ही पाचही माणसं आता उंबऱ्याबाहेर पडत नसत आणि सगळीच्या सगळी हळूहळू आकसत चालली होती, त्यामुळे दर गुरुवारी कुणाची ना कुणाची विजार कमरेत आत घ्यावी लागे. मास्तर गळ्यात टेप टाकून आपल्या जुन्या कूपे गाडीतून सकाळी निघत आणि दिवेलागणीला परतत. शुक्रवारपासून बुधवारपर्यंत ते त्या गुरुवारबद्दल बोलत.

कूपे म्हणजे दोन दारांची, ठेंगणी, आणि मागेही माणसं बसू शकतात असा गैरसमज पसरवणारी गाडी. तिच्या दारांच्या काचांना चौकट नाही. दार उघडलं की काच नुसतीच उभी राहते, अंघोळीहून टॉवेल विसरून आल्यासारखी. दार लावलं की तिने आपण होऊन छताच्या कडेच्या रबराला बाहेरून टेकायचं असतं. एकतीस वर्षं टेकून चालकाच्या बाजूची काच कंटाळली होती. वरच्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट पडली होती. गाडी चाळीसच्या वर गेली की फट शीळ घाली. साठला ती शीळ राहत नसे. कुणीतरी किटली गॅसवर ठेवून गावाला गेल्यासारखं वाटे.

मास्तरांनी यावर मास्तरी उपाय काढला. बाथरूममध्ये टॉवेल अडकवायचा जो रबरी वाटीचा हूक असतो, तो काचेला आतून चिकटवला, हुकाला विजारीची नाडी बांधली आणि नाडी हातात धरली. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात नाडी. ओढून धरलं की काच आत येई आणि शीळ बंद.

असेच ते परवाच्या गुरुवारी चौकातून चालले असताना त्यांची एकुलती एक लेक रस्त्याच्या कडेला उभी होती. लेकीला बघून कुठल्या बापाचा हात वर होणार नाही? नाडीचा हात सोडला तर शीळ वाजणार, म्हणून मास्तरांनी स्टिअरिंगचा सोडला.

लेक लिफ्टची इन्स्पेक्टर होती. घरात तिला चिमी म्हणत, पण बारा बारा मजल्यांच्या इमारती तिच्या एका सहीसाठी जिने चढत. त्याच संध्याकाळी तिने पर्समधून ऑफिसचं लाल स्टिकर काढून गाडीच्या पुढच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवलं. ‘वापर बंद. तपासणी होईपर्यंत.’

“अगं, ती लिफ्ट नाही,” मास्तर म्हणाले.

“लिफ्ट असती तर निदान सरळ रेषेत पडली असती,” चिमी म्हणाली. “रविवारी पाच वाजता मी तपासणार. गळता कामा नये, वाजता कामा नये, आणि चालवणाऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. नाहीतर किल्ली माझ्याकडे. कायमची.”

 सुयांचा डबा उघडून मास्तरांनी सुया मोजायला घेतल्या. हे पाहून जावयाला दया आली. जावई दातांचा डॉक्टर होता, आणि दया आली की त्याची जीभ सुटत असे.

“एवढंच ना?” तो बोलून गेला. “वरचा दात खालच्यावर नीट बसत नाही, दुसरं काय! असली दहा कामं मी रोज करतो.”

मास्तरांनी मान वर करून त्याच्याकडे असं पाहिलं, की ते शब्द परत गिळायची सोय उरली नाही.

रविवारी दहा वाजता डॉक्टर सासऱ्यांच्या अंगणात हजर झाला. बरोबर दहा नंबरचा पाना, तोंडात घालायचा छोटा आरसा, आणि दातांखाली धरून ‘चावा’ म्हणतात त्या निळ्या कागदाच्या पट्ट्या. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून त्याने पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर गाडी वर घेतली. त्यांच्या धंद्याचा पहिला नियमच तो. डॉक्टरने पेशंटवर वाकायचं नाही, पेशंटला वर उचलायचं. नाहीतर पन्नाशीत कंबर जाते. त्याची तर चाळिशीतच अर्धी गेली होती. चालकाच्या बाजूला पुढच्या चाकामागे जॅक लावून त्याने गाडीचा तो कोपरा उचलला, इतका की काचेचा वरचा कोपरा बरोबर त्याच्या नाकासमोर आला. मग दिवा मास्तरांच्या उजव्या हातात दिला, आणि पंधरा वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, “आता बोलायचं नाही. काही त्रास झाला तर डावा हात वर करा.”

मास्तरांनी मान डोलावली. कारागिराच्या शब्दाला मान देणारा माणूस.

दाराचं आतलं कव्हर निघालं. आत काच एका पट्टीवर उभी होती आणि पट्टी चार बोल्टांवर. बोल्टांची भोकं लांबट, म्हणजे बोल्ट सैल केला की काच पुढेमागे, आतबाहेर सरकवता येते. गंमत अशी, की काच वरून आत झुकवायची तर तळाशी बाहेर ढकलावी लागते. हे कळायला डॉक्टरला पाऊण तास लागला, कारण तो तळाशीही आतच ढकलत होता आणि वरची फट त्याला हसत होती.

बाराच्या सुमाराला मास्तरांचा डावा हात वर झाला.

“झालंच,” डॉक्टर दारात डोकं घालूनच म्हणाला. “दोनच मिनिटं.”

हात खाली गेला. मास्तरांनी खडूने बोल्टांच्या जागा आखून ठेवल्या होत्या, कापडावर आखतात तशा. डॉक्टर एक बोल्ट सैल करी, काच केसभर ढकली, बोल्ट कसे, निळी पट्टी काच आणि रबर यांच्यामध्ये धरी आणि म्हणे, “बंद.” मास्तर दार लावत. डॉक्टर पट्टी ओढून बघे. सरळ निघून आली तर फट. अडकली तर काच टेकलेली. “उघडा.” पुन्हा. “बंद.” एकला हात वर झाला. “दोनच मिनिटं.” दोनला झाला, आणि तीनलाही. चौथ्या वेळेला मास्तरांनी तो थोडा हलवूनसुद्धा दाखवला, पण डॉक्टरने तोवर अशा इतक्या हातांना दोन मिनिटं दिली होती की त्याला ती हालचाल वाऱ्यासारखी वाटू लागली होती.

सव्वाचारला चमत्कार झाला. निळी पट्टी कुठेही लावा, पुढे, मध्ये, मागे, सगळीकडे सारखीच अडकत होती. दार लावताना ‘धप्’ असा भरीव आवाज आला, श्रीमंत गाडीचा येतो तसा. डॉक्टरला वाटलं, आपण उगाच दात काढत बसलो आयुष्यभर. त्याने कव्हर बाजूला ठेवलं, हात पुसले आणि जॅक खाली घेतला.

गाडी उतरता उतरता कुठेतरी ‘क्रॅक्’ असं कुरकुरली. काच कोपऱ्यातून अलगद बाजूला झाली, नको असलेल्या पाहुण्यासमोरून उठून जावं तशी. आता फटीत करंगळी नाही, अंगठा जात होता.

डॉक्टरने तो घालूनच पाहिला. मग काढला. मग दुसऱ्या हाताचा घालून पाहिला.

“गिऱ्हाईक एका पायावर उभं असताना माप घेतलं,” मास्तर शांतपणे म्हणाले, “की कपडा असाच होतो.”

डॉक्टर वळला. “म्हणजे?”

“जुनी गाडी. अंगात लवचीक. एक कोपरा उचलला की सगळं अंग पिळवटतं. तुम्ही मापं घेतलीत ती पिळवटलेल्या अंगाची. आता ती सरळ उभी राहिली.”

“तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“बारा वाजल्यापासून.”

“मग बोलला का नाहीत, बाबा?”

“बोलायचं नाही म्हणालात ना. हात वर केला होता की. चार वेळा.”

डॉक्टर मटकन स्टुलावर बसला. पंधरा वर्षांत आपल्या खुर्चीत वर झालेले सगळे डावे हात त्याच्या डोळ्यांसमोरून रांगेने गेले. त्यांतल्या कुणाकुणाला काय सांगायचं होतं, कोण जाणे! कदाचित दात चुकीचा होता. कदाचित नुसतं लघवीला जायचं होतं. साडेचार वाजले होते. पाचला किल्ली जाणार होती, आणि तिच्याबरोबर पाच विजारी आणि मास्तरांचा आठवड्यातला एकमेव दिवस.

“मी चिमीला सांगतो,” डॉक्टर म्हणाला. “चूक माझी आहे. आठ दिवस मागून घेतो.”

“चिमी?” मास्तर म्हणाले. “ती पाच वर्षांची असताना मी तिच्या फ्रॉकला एक दिवस उशीर केला होता. अजून सांगते. उठा. आता गाडी उचलायची नाही, तुम्ही खाली बसा.”

जमिनीवर पोतं अंथरून डॉक्टर गुडघ्यांवर बसला. दिवा मास्तरांकडेच होता, पण आता ते बोलत होते, आणि चार तासांचं साचलेलं असल्याने अखंड बोलत होते. “खालचा बोल्ट. बाहेर, एक सूत. एक म्हटलं, दोन नव्हे. तुमचं सूत फार सैल आहे. मागचा अर्धा. कसा. बंद. पट्टी ओढा. हां, छातीत बसलं, खांद्यात झोळ आहे. मागून वर घ्या.”

डॉक्टरच्या कमरेत कळ आली. त्याने डावा हात वर केला.

“दोनच मिनिटं,” मास्तर म्हणाले.

पाचला सात मिनिटं असताना शेवटच्या बोल्टचा नट डॉक्टरच्या बोटांतून सुटला आणि दाराच्या पोटात ‘टिण्ण’ करून नाहीसा झाला. दोघेही क्षणभर त्या आवाजाकडे बघत राहिले. हा बोल्ट कसला नाही तर काच पहिल्याच खड्ड्यात आत उतरणार होती, आणि तसली काच आता जगात कुणी बनवत नव्हतं. डॉक्टरने तोंडात घालायचा आरसा दारात घातला. खूप आत, जिथे माणसांना अक्कलदाढ असते तिथे, नट दिसला. बोटं पोचेनात. मास्तर घरात गेले आणि सांडलेल्या सुया उचलायचं आपलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून घेऊन आले. एकाने आरसा धरला, दुसऱ्याने दोरा सोडला. नट लोंबकळत वर आला. डॉक्टरने तो मास्तरांच्या तळहातावर ठेवला, आणि “काढला!” असं इतक्या अभिमानाने म्हणाला की शेजारचं कुणी ऐकतं तर किती मुळांचा होता म्हणून विचारतं.

कव्हरचा शेवटचा खटका बसायला आणि फाटक वाजायला एकच गाठ पडली.

चिमी रविवार असूनही ऑफिसची फाइल घेऊन आली होती. तिने गाडीखाली वाकून जमीन पाहिली, वर्तमानपत्र घेऊन चालकाच्या सीटवर बसली आणि दार ओढलं. धप्. “पाणी.”

मास्तरांनी पाइप धरला. डॉक्टरला बघवेना, म्हणून तो नळापाशी उभा राहिला. पाच मिनिटं पाणी काचेवरून वाहत होतं आणि आत चिमी पानं उलटत होती. मग तिने आतून टकटक केलं. वर्तमानपत्र कोरडं होतं.

“हवामान वाचलं,” बाहेर येत ती म्हणाली. “कोरडं राहील म्हणतात. आता रस्ता.”

मास्तर चालवायला, चिमी शेजारी आणि डॉक्टर मागे. मागे म्हणजे गुडघे कानांच्या आसपास. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. चाळीस. काही नाही. पन्नास. मास्तरांचा खिडकीकडचा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि हवेत नाडी चाचपू लागला.

“बाबा. दोन्ही हात.”

हात परत गेला. त्याला तिथे नवखं वाटत असावं; बोटं जरा वेळ इकडेतिकडे सरकली आणि मग बसली. साठ. गाडीत इतकी शांतता झाली की इंजिनाला एकतीस वर्षांत प्रथमच ऐकून घेतल्यासारखं वाटलं असेल. मास्तरांनी श्वास सोडला. डॉक्टरनेही सोडला, त्याला जागा कमी असल्याने अर्धाच.

आणि तेवढ्यात, बारीकसा, लाजरा असा एक आवाज आला. फुई.

 आवाज चिमीच्या बाजूने येत होता. तिकडची काचही गेली कित्येक वर्षं शीळ घालत असणार. पण थोरलीच्या किंकाळ्यांत धाकटीचं कोण ऐकतंय? आरशातून मास्तरांनी डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने गुडघ्यांकडे पाहिलं. “वाजता कामा नये,” चिमीने म्हटलं होतं, आणि चिमी म्हटलेलं विसरत नसे.

तिने समोरचा खण उघडला. आत रबरी वाटीचा हूक होता, नाडीसकट. तिने वाटी तोंडाच्या वाफेने ओली केली, आपल्या बाजूच्या काचेवर दाबली, नाडीचे दोन वेढे मनगटाला घेतले आणि ओढली. फुई थांबली.

“प्रवाशाचे हात मोकळे असतात,” ती समोर रस्त्याकडे बघत म्हणाली. “नियमात बसतं. ही बाजू पुढच्या रविवारी. आणि जॅकशिवाय, जमिनीत केवढा खड्डा पडलाय.”

“आणि ते?” मास्तरांनी हनुवटीने स्टिकर दाखवलं. हात सुटण्यातला नव्हता.

चिमीने मोकळ्या हाताच्या नखाने स्टिकरचा कोपरा उचकटला. गोंद चांगला होता, सरकारी होता; तुकड्यातुकड्याने निघायला लागला. ती एका हाताने नाडी धरून दुसऱ्याने ते खरवडत राहिली आणि मास्तर गुरुवारी आधी कुणाकडे जायचं ते सांगत राहिले. पहिला बँकेतला, त्याची कंबर फार उतरलीय.

मागे डॉक्टरच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. त्याने डावा हात वर केला.

“दोनच मिनिटं,” पुढून दोघंही एकदम म्हणाले, आणि मास्तरांनी गाडी लांबच्या रस्त्याला वळवली.