स्वस्तातला बोर्ड

ताईने शेवटच्या पिनेला डाग दिला, वर फुंकर मारली आणि बोर्ड भावाकडे सरकवला.

"लाव हा. तिन्हींतला सगळ्यात स्वस्त."

धाकट्याने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले त्याचे डोळे आपसूक आधी सोल्डरिंगवर गेले. एकेक डाग मोत्यासारखा होता. या वयातल्या बहिणीच्या हाताचा त्याला हेवा वाटला.

ताई पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाली होती, पण शाळेतल्या मुलींचं विज्ञान मंडळ अजून तिच्याच गळ्यात होतं. यंदा प्रत्येकीने आपापलं भूकंपमापक बनवायचं, असं तिने ठरवलं होतं. सगळ्यांत मिळून एकच यंत्र असलं की दोघी-तिघी ते जुळवतात आणि बाकीच्या नुसत्या बघ्या होतात, हे तिने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हणून मोजणी करणारा मायक्रोकंट्रोलर बोर्ड स्वस्तातला हवा होता. पण पोरींनी जीव ओतून यंत्र बनवावं आणि त्याने भलतंच दाखवावं, असलाही नको होता.

टेबलावर स्प्रिंगला टांगलेलं लोहचुंबक तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात लोंबत होतं. टेबल जरा हललं की तारेत वीज उठायची, बोर्ड ती मोजायचा आणि संगणकावर रेघ उमटायची. धाकट्याने वायर जोडल्या. ताई टेबलावर हात टेकून शेजारी बसली.

रेघ उमटली, पण सरळ नव्हती. तिच्यावर बारीक, एकसारख्या लाटा होत्या.

"स्वस्तातला माल, दुसरं काय!" ताई म्हणाली. "तो मधला लाव."

मधल्यावरही त्याच लाटा आल्या. सगळ्यात महागाचा लावला, तरी त्याच.

"घरातली वीज घुसत असेल."

"वीज इतकी सावकाश डोलत नाही. तूच शिकवलंयस."

"पंखा?"

"बंद आहे गं." धाकटा हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं! बोर्डांना कशाला बोल लावतेस? तुझी स्प्रिंगच नाठाळ आहे."

"थांब, बघतेच तुला," म्हणत ताईने त्याला चापट मारायला हात उचलला.

रेघ सरळ झाली.

दोघांनीही ते पाहिलं. ताईचा हात तसाच अधांतरी राहिला. मग तिने तो अलगद पुन्हा टेबलावर टेकवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग अंगठा तर्जनीवर हळूहळू घासू लागला, चिमटीत काहीतरी मळत असल्यासारखा, आणि रेघेवर लाटा परतल्या.

"काम करताना नसतं हे," ती म्हणाली. "डाग देताना पाहिलंस ना? निवांत टेकवला की सुरू होतं."

"कधीपासून?"

"मला आत्ता कळतंय."

काय करावं ते न सुचून धाकट्याने आपला हात टेबलावर ठेवला. रेघेत काही भर पडली नाही. चोरी पकडली गेल्यासारखा त्याने तो मागे घेतला.

"तो स्वस्तातला परत लाव," ताई म्हणाली.

"राहू दे ना आता. आपण डॉक्टरकडे..."

"जाऊ. आधी लाव."

त्याने वायर घेतली. ती काही केल्या जागेवर बसेना. ताईने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि एका झटक्यात बसवली. तेव्हा तिची बोटं अगदी स्थिर होती.

"पोरींसाठी हाच मागव. इतकं बारीक पकडतोय, आणखी काय हवं?"

धाकट्याने मान डोलावली.

ताईने हात पुन्हा टेबलावर ठेवला. या वेळी ती स्क्रीनकडे न बघता खिडकीबाहेर बघत होती.

"आता रेकॉर्डिंग चालू कर. डॉक्टरांना दाखवायला होईल."

त्याने बटण दाबलं. मग आपली खुर्ची तिच्याजवळ ओढून घेतली आणि टेबलाला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात मांडीवर धरून बसून राहिला.