कोंढाळीच्या पुढचा स्टॉप

बसच्या खिडकीतून दुपट्टा टाकून सीट धरायची कला आमच्यात एकट्या पियुषलेच येत होती. अमरावतीची गाडी फलाटाले लागते न लागते, तोच याचा दुपट्टा मागच्या लंब्या सीटवर ऐसपैस पसरलेला राहे. कोणी त्याच्यावर बसलंच तर हा खालूनच ओरडे, “उठा गा काकाजी, रिझर्वेशन आहे!” अन् काकाजी खरंच उठत. काय दिवस होते बाप्पा ते!

मी गोलू. मी, पियुष अन् भूमिका, असे आम्ही तिघं. कॉलेजापासून दर जानेवारीत पाठीवर सॅक लादून, गणेशपेठ स्टँडहून एसटीची लाल गाडी पकडून आम्ही चिखलदऱ्याले जात होतो, दोरावरून कडे उतराले. आता तिघंही चौतिशीत आलो. भूमिका सदरकडच्या एका ऑफिसात आहे, पियुषचं महालात सायकलचं दुकान आहे, अन् मी जरीपटक्यात भांडे विकतो.

यंदा दुपट्टा मी टाकला. तो खिडकीच्या दांडीले अटकला. तेवढ्यात एक बाई दोन पोट्ट्यांसकट आमच्या सीटवर बसूनही गेली.

“भूमिका, त्याले सांग, दुपट्टा असा नाही टाकत,” पियुष म्हणाला.

मी त्याच्यापासून हातभर दूर उभा होतो. पण दीड वर्षापासून तो माझ्याशी सरळ बोलतच नव्हता. जे असंन ते भूमिकाच्या मार्फत. अन् यात त्याची काही चुकी नव्हती, सारी माझी होती.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात अमरावती रोडवर, कोंढाळीजवळ, एका ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. गुडघ्यात रॉड टाकावा लागला. मी पहिल्याच दिवशी दवाखान्यात गेलो होतो, वॉर्डाच्या दारापर्यंत. पडदा जरासा सरकला, त्याचा पाय दिसला, अन् मी उलट्या पायी वापस आलो. ‘उद्या जाईन’ म्हटलं. उद्याचं परवा झालं, परवाचा महिना झाला, मंग कोणत्या तोंडानं जावं हेच समजेना. साधा फोन केला नाही मी. मोठा यार म्हणवून घेत होतो. थू माझ्यावर!

भूमिकानं दोघांलेही शिव्या घालून या ट्रिपले तयार केलं. मले एवढंच पाहिजे होतं, का या दोन दिवसांत पियुषनं मले एक तरी शिवी द्यावी. सरळ मले, तोंडावर. नाही दिली तर समजायचं, हा यार गेला आपल्या हातातून.

वाडी गेलं, बाजारगाव गेलं. त्या बाईचे पोट्टे ओकून घेऊन झोपी गेले. कोंढाळी आलं तसा पियुषनं दुपट्टा तोंडावर ओढला. भूमिकानं सांबारवडीचा डबा उघडला, अन् आमच्याकडं पाहून तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलदऱ्याच्या कड्यावर गेलो. दोर सांभाळणारे रामाजी तेच, मिशी तेवढी पांढरी झाली. “काहून गा, मागच्या वर्षी आले नाही?” त्यांनी विचारलं. मी बुटाची लेस बांधाले बसलो.

याच कड्यावर बारा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा दोरावर लटकलो होतो. साठ फुटांचा कडा. अर्ध्यात गेलो अन् हातपाय गळले. खाली होईना, वर येईना, डोळ्यांत पानी. तेव्हा पियुष वरून कंडक्टरच्या आवाजात ओरडला, “चला, वाडी! वाडीवाले उतरा!” मले हसू आलं अन् पाय एक पाऊल खाली सरकला. “बाजारगाव! कोंढाळी! कारंजा!” असं करत करत त्यानं मले अमरावतीले, म्हणजे जमिनीले टेकवलं. तेव्हापासून आमच्यात कोणीही उतरो, वरून स्टॉप ओरडाचेच.

भूमिका पहिले उतरली. मंग रामाजींनी पियुषची डॉक्टरची चिठ्ठी दोनदा वाचली अन् त्याले पट्टे बांधले. तो दरीकडे पाठ करून काठावर उभा राहिला. पाच-सात फूट गेला असंन, तसा त्याचा गुडघा लटलट कापाले लागला. तो थांबला. ओठ पांढरे पडले होते. त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं. वर मीच होतो.

मी तोंडाले हात लावून ओरडलो, “चला, वाडी! वाडीवाले उतरा!”

तो हसला नाही. पण एक पाऊल खाली गेला.

“बाजारगाव!”

आणखी एक पाऊल. मले असा काही जोर चढला, का मी बारा वर्षांच्या सवयीनं पुढचं बोलून गेलो. “कोंढाळी!”

दोर थांबला.

माझी जीभ झडून काहून नाही पडली! रामाजींले काही माहीत नव्हतं, ते दोर धरून माझ्याकडं पाहून राहिले होते. खाली भूमिकानं तोंडावर हात ठेवला.

“गोलू.”

दीड वर्षानं त्यानं माझं नाव घेतलं.

“मी दोन महिने पडून होतो दवाखान्यात. रोज दाराकडं पाहत होतो. तू काहून नाही आला बे?”

आता मधात भूमिका नव्हती. मी कड्याच्या काठावर पोटावर झोपलो, म्हणजे त्याचं तोंड दिसंन.

“आलो होतो,” मी म्हटलं. “दारातून वापस गेलो. तुझा पाय पाहून भेव लागलं मले. मंग शरम वाटली, म्हणून आणखीच नाही आलो. चुकलो यार. लय चुकलो.”

त्यानं कपाळ दगडाले टेकवलं. रामाजींनी एकदा दोर सारखा केला. मी रडून राहिलो होतो, लपवाचंही सुचलं नाही.

मंग खालून त्याचा आवाज आला.

“कोंढाळीत किती वेळ उभी ठेवशीन बे गाडी, गध्या? पुढं कारंजा असते ना!”

“कारंजा!” मी ओरडलो. आवाज पार फाटला माझा. “तळेगाव! तिवसा! मोझरी! नांदगाव पेठ!”

अमरावतीले त्याचे पाय जमिनीले लागले. भूमिकानं त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले अन् मंग त्याच्याच गळ्यात पडून रडली.

रामाजींनी मले पट्टे बांधले. मी काठावर उभा राहिलो, दरीकडे पाठ करून. दोन्ही हात दोरावर, डोळे पुसाले हात रिकामा नाही, समोरचं काही दिसत नव्हतं.

“चला, वाडीवाले!” पियुष खालून ओरडला. “उतरा गा लौकर, गाडी थांबली आहे!”