चंदनच्या गोठ्यापर्यंत

"बरोबर दिसून राह्यलं का?" मोबाइलच्या पडद्यावर नथ्थूभाऊंचं अर्धं तोंड आणि अर्धं आभाळ होतं.

"तुमच्या नाकातले केस दिसून राह्यले. जरा दूर धरा," कुंदाबाई खाटेवरून म्हणाल्या.

खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. सावद्यापलीकडच्या, डोंगराच्या कुशीतल्या या गावात मोबाइलची रेंज येत नसे. वायफाय मात्र घरोघरी आलं होतं. केळीची बाग नुकतीच निसवली होती, घड बाहेर पडले होते. तिचे कंद कुंदाबाईंनी स्वतःच्या हातांनी लावलेले. "ट्रॅक्टरवर चल, घड पाहून घे," असं त्यांचे यजमान नथ्थूभाऊ रोज म्हणत. "चौघांनी उचलायचं ते एकदाच," एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड फिरवत. म्हणून आज बाग मोबाइलवर दाखवायची ठरली होती.

गल्लीच्या वळणावर चित्र थिजलं. घरच्या वायफायची हद्द संपली.

थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. आता पडद्यावर शेजारच्या लताबाई होत्या, हात पिठाने भरलेले. "वहिनी, आमचा पासवर्ड देला भाऊले. तब्येत कशी हाये तुमची?"

कुंदाबाईंनी घाईघाईने पदर सारखा केला.

लताबाईंचं नेट पाण्याच्या टाकीपर्यंत पुरलं. तिथे टाकीजवळच राहणाऱ्या डिंपलने आपला पासवर्ड दिला आणि कडेवरचं आपलं बाळ पुढे केलं. त्याच्या बारशालाही कुंदाबाई गेल्या नव्हत्या. "काकू, याले तुम्ही पाह्यलंच नाही अजून!" बाळाने मोबाइल चाटला. कुंदाबाई अशा हसल्या की खाट करकरली. नथ्थूभाऊ पासवर्ड मागत पुढे, आणि अर्धी गल्ली त्यांच्या मागे.

शेवटचं घर चंदनचं. त्याच्या गोठ्यापाशी चित्र अडखळू लागलं. पुढे नाला, नाल्यापलीकडे बाग. नथ्थूभाऊंनी मोबाइल काठीला बांधून उंच धरला. पडद्यावर नुसतं हिरवं हललं.

"याच्या पुढे नाही पोचत," ते हिरमुसून म्हणाले.

कुंदाबाई त्या हिरव्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चंदनले म्हना, ट्रॅक्टर काढ. अन् डिंपललेही घ्या. ते पोरगं माह्या मांडीवर बसीन."

नथ्थूभाऊंना आधी खरंच वाटेना.

सगळी गल्ली खाटेला हात लावायला धावली. "घड उचलता तसं उचला रे," कुंदाबाई ओरडल्या, "डाग पडला का भाव उतरते!" हसता हसता चंदनच्या हातून खाट सुटता सुटता राहिली.

नाला ओलांडून ट्रॅक्टर बागेत पोचला, ट्रॉलीतून खाट उतरवली. कोवळे घड माथ्यावर लोंबत होते. नथ्थूभाऊ बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत उभे होते. कुंदाबाईंनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाळ डिंपलकडे दिलं, हात लांबवला आणि केळीच्या बुंध्याशी माजलेलं गवत मुळासकट उपटलं. माती झटकली, गवत बाजूला ठेवलं. हाताला लागेल तेवढं सगळं उपटून झालं.

"खाट जरा पुढे सरकवा बरं," त्या म्हणाल्या.