बिनपासंगाचं चाक

आमच्या मागच्या खोलीत पहिल्यांदा चाक उभं राहिलं, तेव्हा माझ्या नणंदबाई म्हणाल्या, "इतरांना पंख फुटतात, दादाला म्हातारपणी चाकं फुटली." सकाळची वेळ होती, म्हणून मी गप्प राहिले. माझा एक साधा नेम आहे. दुपारचं जेवण होईपर्यंत कुणाला उणं बोलायचं नाही. वन्संना हे पक्कं ठाऊक, त्यामुळे टोचून बोलायचं असलं की त्या नेमक्या सकाळीच येतात. "वहिनी, तुमचा नेम सुटायच्या आत निघते हं," असं वर सांगतात आणि दुसरा कप चहाही घेतात.

ह्यांचं सगळं आयुष्य वजनकाट्यांत गेलं. किराणावाले, सोनार, औषधवाले, सगळ्यांचे तराजू ह्यांच्याकडे दुरुस्तीला यायचे. बाजारात ह्यांना नावाने कुणी ओळखत नसे. काटेवाले म्हटलं की लोक बोट दाखवत. रिकाम्या तराजूचं एखादं पारडं जरासं खाली झुकलेलं असतं, त्याला पासंग म्हणतात. तो काढणं हे ह्यांचं मुख्य काम. कुणी दुकानदार हळूच म्हणे, "राहू द्या ना थोडा, गिऱ्हाइकाला काय कळतंय." हे तराजू कागदात गुंडाळायचे आणि तसाच त्याच्या हातात परत द्यायचे. कधी आवाज चढवला नाही.

मग आकडे दाखवणारे विजेचे काटे आले आणि दुकान बंद झालं. त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. हे जागे व्हायचे, पण अंथरुणातून उठायचे नाहीत. मी हाक मारली की म्हणायचे, "उठून करू काय?" भांडले असते, चिडले असते, तर मी काही बोलले असते. पण ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर आणलं लेथवाल्या भाऊजींनी. ते ह्यांचे जुने स्नेही. कारखान्यात लेथ चालवून निवृत्त झालेले. एका दुपारी चहा पिता पिता त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक चाक काढून दाखवलं. "कुणाला जमलं नाही अजून," ते म्हणाले. "पण खटपट करणाऱ्यांत तराजू दुरुस्त करणारा एकही नव्हता." दुसऱ्या दिवशी मी दिवा लावायला उठले तर हे माझ्याआधी उठून मागच्या खोलीत सायकलची जुनी रिम पुसत बसलेले.

चाक असं होतं. रिमच्या कडेला आठ दांडे, प्रत्येक दांडा बिजागरीवर बसवलेला, आणि प्रत्येकाच्या टोकाला जुन्या तराजूतलं पितळी वजन. चाक फिरलं की वरून उजवीकडे उतरणारा दांडा खटकन बाहेर उघडायचा आणि लांब जायचा. डावीकडून वर चढणारा दुमडून रिमला चिकटायचा. लांब टांगलेलं वजन जास्त ओढतं, हे काय, झोक्यावर बसणाऱ्या पोरांनाही कळतं. म्हणजे उजवी बाजू कायम जड, डावी कायम हलकी, आणि चाक आपलं फिरतच राहणार. वीज नको, तेल नको, बैल नको.

पण ते फिरत राहायचं नाही. ढकललं की फिरायचं, दमायचं आणि थांबायचं.

"बेअरिंग धरतंय," भाऊजी म्हणायचे.

"बेअरिंग तर तुम्हीच आणलंत काल."

"म्हणूनच सांगतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

घरात उरलेले रंग होते, त्यांतून ह्यांनी प्रत्येक वजनाला वेगळा रंग दिला, म्हणजे कुठलं घासलं ते ध्यानात राहावं. आणि गंमत अशी, की दर वेळी थांबताना लाल वजनच खाली यायचं. "पासंग आहे," हे म्हणायचे आणि कानस काढायचे. लाल जरा घासलं की मग निळं खाली यायला लागायचं. मग निळ्यावर कानस. पितळेची पिवळी भुकटी फरशीवर पडायची, मी ती ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. मला त्या भुकटीचा कधी कंटाळा आला नाही. ती दिसली की समजायचं, आज माणूस उठला होता.

मग लेकीचा फोन आला. आमच्या लेकीला हे लहानपणापासून गुंज म्हणतात. सोनाराच्या काट्यावरचं सगळ्यात लहान माप म्हणून. तिला सातवा महिना लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जास्तीत जास्त पडून राहा, जिने तर चढूच नका. जावईबापू बोटीवर नोकरीला, ते काही इतक्यात किनाऱ्याला लागणार नव्हते. ती आमच्याकडे येणार हे ठरलं. आमचं घर लहान. वरच्या खोलीला शिडीसारखा उभा जिना. खाली राहता येईल अशी एकच खोली, मागची.

मी काही सुचवायच्या आत हेच म्हणाले, "ती यायच्या आत फिरलं तर फिरलं. नाहीतर मोडून भंगारात."

"वऱ्हांड्यात ठेवू या की," मी म्हटलं.

"न फिरणारं चाक वऱ्हांड्यात ठेवून लोकांना काय दाखवू? मोडायचं म्हणजे मोडायचं."

ह्यांचा शब्द म्हणजे शब्द. चाक जाईल ह्याचं मला दुःख नव्हतं. चाक गेल्यावर हे सकाळी उठतील का, एवढाच जिवाला घोर. पोर घरात येणार, आणि तिच्या पुढ्यात बाप भिंतीकडे तोंड करून पडलेला असणार. प्रार्थनेला बसले तरी मन खोलीकडे. चाक फिरू दे असं मागणं मला काही बरं वाटेना. जड वस्तू खाली पडते हे ज्याने ठरवलं, त्यालाच कसं सांगायचं की आमच्यापुरतं जरा बदल? मी एवढंच म्हटलं, चाकाचं तुला योग्य वाटेल ते कर, पण ह्यांना उठवत राहा.

लेक यायच्या आदल्या दुपारी भाऊजी आले, तर हे निळं वजन घासत होते.

"काटेवाले, हे काय चाललंय?"

"निळं अजून केसभर ओढतंय खाली."

"ओढू दे की! एक बाजू जड असावी म्हणूनच तर एवढा खटाटोप ना?"

"बाजू जड हवी. वजनं सगळी सारखीच हवीत."

"असं कुणी सांगितलं?"

ह्यांची कानस हवेत राहिली. "म्हणजे काय? सारखी नकोत?"

भाऊजींनी माझ्याकडे बघून हात जोडले. "वहिनी, ह्या माणसाला झुकलेलं काही सोसतच नाही हो. मानेवर डोकं तिरपं झालं तरी कानस लावेल."

दुसऱ्या दिवशी गुंज आली. तिला आणायला वन्सं गेल्या होत्या, म्हणजे अर्थात सकाळीच आल्या. पलंग दाराबाहेर भिंतीला उभा करून ठेवलेला, आत चाक. गुंजला आम्ही चाकासमोर खुर्चीत बसवलं, पायांखाली स्टूल दिलं. भाऊजी दाराशी उभे. वन्सं म्हणाल्या, "हं, दादा. पाळणा हलवायचा की चाक, ते एकदाचं ठरव."

ह्यांनी चाकाला दोन बोटांनी ढकललं. दांडे एकेक करून उघडू लागले, खट्, खट्, खट्. आवाज आधी घाईघाईने, मग सावकाश, मग दोन आवाजांच्या मध्ये एक श्वास घेता येईल इतका. शेवटी चाक जरा मागे झुललं आणि थांबलं. हिरवं वजन खाली होतं.

"हिरवं?" भाऊजी पुढे आले. "परत फिरवा."

परत फिरवलं. पिवळं खाली आलं. पुन्हा फिरवलं. पांढरं.

"गेला! पासंग गेला!" भाऊजी ओरडले आणि ओरडता ओरडताच गप्प झाले. कारण आता घासायला काही उरलं नव्हतं. वजनं सगळी सारखी, बेअरिंग नवं, आस सरळ, आणि तरीही चाक थांबलं होतं.

हे चाकासमोर उकिडवे बसले. मग बोटाने मोजायला लागले. "उजवीकडे बघा. उघडलेले, लांब गेलेले दांडे किती? तीन. आणि डावीकडे दुमडलेले? पाच." त्यांनी चाक जरासं सरकवून पुन्हा मोजलं. "लांबचे नेहमी थोडे. जवळचे नेहमी जास्त. लांबचे तीन जेवढे ओढतात, जवळचे पाच तेवढंच मागे खेचतात."

"म्हणजे बाबा, काटा बरोबर आहे," गुंज म्हणाली. ती त्या दुकानातच वाढलेली.

"बरोबर आहे, गुंजे. हीच तर पंचाईत." हे तसेच बसून हसले, पण हसण्यात जीव नव्हता. "दुकानदारांना आयुष्यभर सांगत आलो, काटा फुकट काही देत नाही. देतोय असं वाटलं तर समजायचं, कुणाच्या तरी पिशवीतून गेलं. आणि शेवटी स्वतःच फुकट देणारा काटा करायला बसलो."

ते उठले. भिंतीवरचा पाना काढला आणि आसाच्या नटाला लावला. ह्यांच्या चेहऱ्यावर तीच जुनी, अंथरुणातली सकाळ उतरायला लागली होती.

"बाबा, थांबा ना," गुंज म्हणाली. "एकदाच फिरवा. आता पांढरं खाली येईल."

"कशावरून?"

"उगीच. मला वाटतंय."

ह्यांनी पाना बगलेत धरला आणि चाक ढकललं. काळं खाली आलं.

"मी म्हणणारच होते काळं," वन्सं म्हणाल्या.

"मग म्हणायचं ना, आत्या!"

"आता म्हणते. निळं."

पिवळं आलं. "जांभळं," भाऊजी दारातून म्हणाले, आणि खरंच जांभळं आलं. त्यांनी कारखान्यातून बक्षीस मिळाल्यासारखी कॉलर ताठ केली. वन्सं पलंगाची फळी ओढून तिच्यावर बसल्या. पुन्हा निळं म्हणाल्या, पुन्हा हरल्या. तिसऱ्यांदा निळं. चाक सावकाश आलं, निळं वजन अगदी खाली टेकतंय असं वाटलं, आणि जरासं झुलून शेजारचं केशरी खाली बसलं.

वन्सं ताडकन उठल्या. "दादा! तू काटा मारलास!"

माप कमी देणाऱ्याला बाजारात जे म्हणतात, तेच शब्द. ह्यांना सबंध आयुष्यात हे कुणी म्हटलं नव्हतं. हे बहिणीकडे बघत राहिले. मी पदर मुठीत धरला. आणि ह्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. पण हसत होते, इतके की पाना खाली पडला आणि त्याच्यामागोमाग हेही फरशीवर बसले.

"माझ्या काट्याला? माझ्या काट्याला असं म्हणतेस?" त्यांनी डोळे पुसले. "उद्या सकाळी ये. एकेक वजन उतरवून तुझ्यासमोर तोलून दाखवतो. केसाचा फरक निघाला तर म्हण."

"येतेच. सोडते की काय!"

ह्या सगळ्यातलं मी एकच ऐकलं. उद्या सकाळी.

पलंग आत आला. चाक पायथ्याच्या भिंतीशी सरकलं. मोडायचं कुणी पुन्हा बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेला बसले होते तेव्हा मागच्या खोलीतून खट् खट् ऐकू आलं. मग गुंजचा झोपाळलेला आवाज, "हिरवं." आणि ह्यांचा, "छे. लाल. आज लालचा दिवस आहे."

थोड्या वेळाने हे माझ्या मागे येऊन उभे राहिले. "रोज ढकलावं लागणार गं त्याला," म्हणाले. "आपलं आपण काही फिरायचं नाही." मी रोजच्यासारखी दिव्याची वात पुढे सारत होते. हे वातीकडे बघून परत आत गेले.

वन्सं उजाडता उजाडताच आल्या. पिशवीतून त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातला, केकचं सामान मोजायचा, आकडे दाखवणारा काटा काढला आणि ह्यांच्यापुढे ठेवला. "तुझ्या तराजूवर माझा भरवसा नाही. ह्याच्यावर तोल."

ह्यांनी चष्मा लावला. आधी चाकावरचं वजन ठेवलंच नाही; कपाटातून आपलं तपासणीचं पितळी वजन काढून त्या काट्यावर ठेवलं. आकडा बघितला. वजन उचलून पुन्हा ठेवलं.

"अगं, तुझाच काटा मारतोय."

"अगंबाई! म्हणजे इतके दिवस माझे सगळे केक..."

"तरीच," गुंज पलंगावरून म्हणाली.

हे काटा उलटापालटा करून बघत होते. "ह्याला कानस कुठे लावायची पण? भाऊजींना बोलाव गं जरा. आणि बारीक पेचकस कुठे ठेवलाय आपला?"

वन्संच्या केकबद्दल माझ्याही जिभेवर एक वाक्य आलं होतं. पण जेवणाला अजून पुष्कळ अवकाश होता. मी पेचकस काढून दिला आणि चहाचं आधण ठेवलं.