फळीवरची चावरी

मित्रांनो, मी न्हाव्याच्या दुकानातली जुनी खुर्ची आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझा सांगाडा ओतीव लोखंडाचा. मला या दुकानात चढवताना चार हमालांना घाम फुटला होता. नवी होते तेव्हा लोक केस वाढायच्या आधीच बसायला यायचे. आता गादी फाटली, तिला चिकटपट्टी लावली, आणि कौतुक संपले. असो.

लहान पोरांसाठी माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकतात. त्या फळीवर मी लाथा, थुंकी, ओरखडे, सगळे सोसले. पण एका चार वर्षांच्या मुलीसारखी मारकुटी दुसरी पाहिली नाही. दुकानात तिला चावरीच म्हणायचे.

कपाळावरचे केस कापताना न्हावी डाव्या तळव्याने पोरांचा एकेक डोळा झाकतो, आत केस जाऊ नयेत म्हणून. आधी डावा, मग उजवा. चावरीच्या डाव्या डोळ्यावर हात गेला की ती पिसाळायची. आरशावर लाथ, न्हाव्याच्या पोटात गुडघा. मग तिची आजी पुढे व्हायची. तीन सुनांना धाकात ठेवणारी बाई ती. थोबाडीत दोन द्यायची आणि मुंडी दाबून धरायची. उजव्या डोळ्याची पाळी कधी आलीच नाही. एकदा कात्री निसटली आणि पोरीच्या कानाची पाळी चिरली. माझ्या हातावरून रक्त ओघळले. तरी सगळे म्हणाले, पोर वांड आहे.

पुढच्या खेपेला तिने न्हाव्याचा डावा अंगठाच चावून फोडला. त्याने चिंधी गुंडाळली आणि आजीला म्हटले, आता तुम्हीच डोळा झाका. आजी उभी होती दुसऱ्या बाजूला. तिने उजवा झाकला.

पोर गप्प. फळीवर पाय हलवत समोरच्या बाटल्या मोजत बसली.

न्हाव्याची कात्री थांबली. "आजी, हात बदला."

आजीने डावा झाकला, आणि लाथ थेट तिच्या छातीत बसली. परत उजवा, परत गप्प. न्हावी हळूच म्हणाला की पोरीला उजव्या डोळ्याने धड दिसत नसावे, डॉक्टरला दाखवा.

आजीने हातातली छत्री त्याच्या खांद्यावर हाणली. "आमच्या सात पिढ्यांत कुणाला चष्मा नाही. तू केस काप. डोळ्यांत नाक खुपसू नकोस."

न्हावी खांदा चोळत राहिला, पण हटला नाही. पोरीचे दोन्ही हात काखेत आवळून त्याने तिचा डावा डोळा झाकला आणि आजीला दाराशी उभे राहायला सांगितले. आजी गेली आणि तिथून तिने डोळे वटारले. हे वटारणे असे, की घरातल्या सुनांच्या हातून भांडी पडायची. चावरीही त्याला थरथर कापायची.

त्या दिवशी ती दाराकडे नुसती बघत राहिली. मग न्हाव्याला विचारले, "आजी हसतेय का?"

आजी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग अर्धे केस कापलेल्या पोरीला कडेवर घेऊन ती तशीच डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याला मोठा नंबर आहे, म्हणून तो काम सोडून बसलाय. चष्मा लावा, आणि रोज काही तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. तान्ही असताना तपासली असती तर हे सोपे होते. आता मेहनत आहे, पण वेळ गेलेली नाही.

महिन्याने दोघी आल्या. पोरीच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि आजीच्या गालावर ओरखडे. फळीवर बसताच पोरीने चष्मा फेकला, पट्टीला हात घातला. आजीने मनगट धरले. पोरीने तिच्या तोंडावर चापट मारली, मग दुसरी, तिसरी. न्हावी मध्ये पडायला आला, तर आजीने त्याला कोपराने दूर सारले.

"मार," ती पोरीला म्हणाली. "तुला पाहिजे तेवढं मार. पट्टी निघणार नाही."

मित्रांनो, पोर सांगत नाही. तिला वाटते, जग असेच दिसते. दात येत नसते तर घरभर धावपळ झाली असती. डोळ्याकडे कुणी पाहिले नाही. तान्हेपणी एकदा, तिसऱ्या-चौथ्या वर्षी एकदा, शाळेआधी एकदा आणि पुढेही दरवर्षी डोळे तपासून घ्या. तक्रार असो वा नसो. आणि पोर हात-पाय झाडत असेल, तर हात उगारण्याआधी विचारा, तुझा कुठला डोळा झाकला गेलाय?