नऊ झाडांची मिरची

मंजुषाने पुन्हा एकदा झाडं मोजली. चाळीसपैकी नऊ झाडांवर एकही पिकलं फळ उरलं नव्हतं. बाकीची एकतीस लालभडक लगडलेली.

ती नाशिकच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. सिन्नरजवळ नाथाभाऊंच्या मळ्यात गेली पाच वर्षं तिने एक जहाल गावठी मिरची जपली होती. त्या तिखटपणावरच तिचं सगळं संशोधन उभं होतं, आणि राखणीला स्वतः नाथाभाऊ.

"खारी येतात, मॅडम," ते म्हणाले. "पहाटंच. लय माजल्यात."

त्यांनी बुलबुल म्हटलं असतं तर मंजुषाने विश्वास ठेवला असता. मिरचीतलं तिखट द्रव्य जिभेवरच्या एका प्रथिनाला चिकटतं. ते प्रथिन खरं तर चटका ओळखण्यासाठी असतं, म्हणून तोंडाची आग होते. माणूस, उंदीर, खार, सगळ्यांना ती जाणवते. पक्ष्यांमध्ये मात्र तेच प्रथिन उत्क्रांतीत जरा वेगळं घडलं आणि त्यांना तिखट लागतच नाही. बुलबुल मिरची गिळतो नि बी दूरवर टाकतो. खार बी चावून संपवते, म्हणून तिखट तिला दूर ठेवतं. दरवर्षी ती हेच फळ्यावर शिकवत होती.

म्हणजे नाथाभाऊ खोटं बोलत होते.

मग तिला एकेक गोष्ट खटकू लागली. मागच्या शनिवारी बांधावर मोटारसायकलवाला एक माणूस उभा होता, तिला पाहताच निघून गेला. ती आली की नाथाभाऊ फोन घेऊन विहिरीकडे जायचे. हे वाण एखाद्या बियाणेवाल्याच्या हाती लागलं तर पाच वर्षं पाण्यात.

पुढच्या शनिवारी तिने विचारलंच. "तो मोटारसायकलवाला कोण होता?"

"कांद्याचं रोप बघाया आलता. का?"

"नाथाभाऊ, खार ही मिरची खाऊच शकत नाही. कुणाला दिली ते सांगा, मी तक्रार करणार नाही."

नाथाभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि ते घराकडे निघून गेले.

त्यांची बायको साळूबाई शेजारच्या वाफ्यात निंदत होती. ती उठली, त्या नऊपैकी एका झाडाची उरलेली हिरवी मिरची तोडली आणि कचकन अर्धी खाल्ली. डोळ्यांत टिपूस नाही.

"सवय असेल तुम्हाला," मंजुषा म्हणाली.

"मग तुमी खाऊन बघा ना, ताई."

मंजुषाने भीतभीत टोक चावलं. गवतासारखी कोवळी चव आली. तिने आणखी चावलं, मग दुसऱ्या झाडाची घेतली, तिसऱ्या. तिखटाचा मागमूस नव्हता. शेजारच्या लालभडक झाडाची टोकभर चाखली तर कानातून वाफा निघाल्या.

ती खाली बसली. नऊ झाडांच्या बुडाशी कुरतडलेल्या साली होत्या, चावलेल्या बियांचा भुगा होता. आठवडाभर तो तिथेच पडलेला होता.

दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या शेतात शिमला मिरची होती. मधमाश्यांनी परागकण इकडे आणले असणार. मागच्या वर्षीची फळं जरा फुगीर होती, पण तिखट होती. तिने ते खतावर ढकललं आणि त्याच फळांचं बी धरलं. संकराच्या पुढच्या पिढीत चौथा हिस्सा झाडं बिनतिखट निघाली. पुढे प्रयोगशाळेतल्या तपासणीतही तेच आलं. खारींनी ती नेमकी आधीच निवडली होती.

ती तशीच उठून घराच्या ओट्याशी गेली. "नाथाभाऊ, चुकलं माझं."

"पाच वर्षं झाली," ते म्हणाले, "तुमची एक मिरची तोंडात नाय टाकली मी. तुमी नको म्हणाल्या म्हणून. हंगाम होऊ द्या. मग जागा मोकळी करा."

त्यांनी शेवटपर्यंत चोख राखण केली. निरोप मात्र साळूबाईच्या तोंडून यायचे. शेवटचं बी भरल्यावर मंजुषाने पुन्हा विचारून पाहिलं, पुढच्या वर्षी इथेच करूया का.

"नको, मॅडम. आता एक फळ जरी कमी दिसलं, तरी तुमच्या तोंडाकडं बघावं लागंल मला. कशाला?"

मंजुषाने पिशव्या उचलल्या. साळूबाई फाट्यापर्यंत सोबत आली.