चुंबळ

सुकरीनं चपला दाराबाहेर काढल्या आणि मान न वळवता आख्खं अंग वळवून ती प्रदर्शनाच्या खोलीत शिरली. मानेला दवाखान्यातला पट्टा होता. सकाळीच जव्हारच्या डॉक्टरनं बजावलं होतं, की यापुढं डोक्यावर ओझं म्हणून घ्यायचं नाही, नाहीतर हात लुळा पडेल. मग पाणी कोण आणणार, हे ना तिच्या नवऱ्यानं, सोम्यानं विचारलं, ना तिनं विषय काढला. सूर्यमाळला त्यांच्या पाड्यावर बाप्यानं डोक्यावर हंडा घेतलेला कुणी बघितला नव्हता, आणि सोम्या तर लोकांच्या हसण्याला भारी भिणारा.

प्रदर्शन निशाताईंचं होतं. गेल्या उन्हाळ्यात सुकरी विहिरीवरून पाणी आणताना त्यांनी तिचं शूटिंग केलं होतं आणि ‘मावशी, बघायला नक्की या’ म्हणून निरोपावर निरोप धाडले होते. जव्हारला आलोच आहोत तर डोकावू, असं सुकरीच म्हणाली होती.

आत अंधार होता. समोरच्या भिंतीवर सुकरीच चालत होती. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर हंडा. दोन्ही बाजूंना आरसे लावलेले, त्यामुळं तिच्यामागं दुसरी, दुसरीमागं तिसरी, नजर पोचेल तिथवर नुसत्या सुकऱ्याच. अगं बाई! एवढ्या सुकऱ्या, एवढे हंडे, आणि घरी पिंप कोरडंच.

भिंतीवरची सुकरी चढ चढली, गुळगुळीत दगडावर जरा घसरली, सावरली, मोहाच्या झाडापाशी आली. आता अंगण दिसणार, तोच ती पुन्हा खाली विहिरीवर.

“ताई, मी घरी कवा पोचते?”

“पोचत नाही, मावशी. तेच तर दाखवायचंय. अनंत. हे चालणं संपतच नाही.”

“हंडा उतरवतानाचं पण काढलं होतं ना तुमी? तेवढं टाका की शेवटाला.”

“मग ते संपेल ना,” निशाताई मायेनं हसल्या आणि दाराशी आलेल्या पाहुण्यांकडे गेल्या.

संपू दे की, असं सुकरीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण शिकल्यासवरल्या माणसाशी कोण वाद घालणार? ती बाकावर मटकन बसली. इतका शीण तिला त्या चढावरही कधी आला नव्हता.

तिच्या शेजारी बसलेला सोम्या मात्र बघतच राहिला. तिला पाणी आणताना तो जन्मात पहिल्यांदा बघत होता. एरवी तो कामावरून यायचा तेव्हा पिंप भरलेलंच असायचं. दर खेपेला ती दगडावर घसरली की त्याचा हात गुडघ्यावरून उचलला जाई आणि पुन्हा खाली येई.

बाहेर येऊन दोघं मोखाड्याच्या जीपची वाट बघत उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं. रस्त्याकडेच बघत सोम्या म्हणाला,

“चुंबळ कुठं ठेवतेस गं तू?”

सुकरीनं आख्खं अंग वळवून त्याच्याकडे बघितलं.

“दारामागं. खुंटीला.” मग म्हणाली, “पाडा हसल तुला.”

“हसू दे,” सोम्या म्हणाला. “हसून हसून किती दिवस हसतील?”